साताऱ्याचं जेवण साताऱ्यात कुठं मिळतं?

प्रश्न : बँकेतल्या बदलीमुळं आम्ही जूनमध्ये अमरावतीहून साताऱ्याला आलो. दोन-तीन वर्षांनी बहुधा सांगलीला जावं लागेल. नवं गाव कळायचं तर आधी तिथलं खाणं कळलं पाहिजे, असं आम्हा दोघांनाही वाटतं, म्हणून दर रविवारी बाहेर जेवतो. पाट्यांवर कोल्हापुरी आहे, मालवणी आहे, पंजाबी आणि काठियावाडी आहे. ‘सातारी’ हा शब्द मात्र पेढ्याच्या खोक्यावरच दिसला. या गावाला स्वतःचं असं जेवण आहे ना? असेल तर नव्या माणसानं ते शोधायचं कसं? आणखी एक शंका. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, ‘आज भाजीला चटणी जास्त झाली.’ भाजीत चटणी कशी घालतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर मिळालं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

तुमच्या वऱ्हाडात चटणी ताटात डावीकडे वाढतात आणि भाजीत तिखट घालतात. इकडे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत नुसतं ‘चटणी’ म्हटलं की वर्षभरासाठी कुटून ठेवलेला लाल मसाला समजायचा. दुकानातल्या पुडीवर ‘कांदा-लसूण मसाला’ असं छापलेलं असतं, पण घरात कुणी तसं म्हणत नाही. तोंडी लावायची असेल तर शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची असं नाव लावून सांगतात. नाव न लावता चटणी म्हटली की ती ही.

ही चटणी उन्हाळ्यात होते. रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. मिरच्या अंगणात नाहीतर गच्चीवर कडकडीत वाळवतात. कांदा उभा चिरून उन्हात सुकवतात आणि तेलात लालसर तळतात. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धने भाजून घेतात. लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर वगैरे खडा मसाला तेलावर परततात. लसूण सोलताना घरातल्या लहानथोरांची बोटं चुरचुरतात. मग डबे भरून सगळं डंकावर न्यायचं. डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. मार्च ते मे या महिन्यांत तिथं बायकांची रांग असते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ठसका लागतो. कुणी धने जास्त घालतं, कुणी खोबरं हात राखून, कुणाला मीठ आधीच घातलेलं चालतं, कुणाला नाही. म्हणून एकाच आळीतल्या दहा घरांत वांग्याची भाजी दहा चवींची होते.

तुम्हाला हॉटेलात ‘सातारी’ पाटी दिसली नाही याचं कारणही इथंच आहे. इथल्या जेवणाची ओळख पदार्थाच्या नावात फारशी नाही, ती या बरणीत आहे. मटकी, घेवडा, वांगं, अंडी, मटण, सगळ्याचा रस्सा हिच्यावरच उभा राहतो. कोल्हापूरकरांनी आपल्या तांबड्या-पांढऱ्याला आणि मिसळीला नाव मिळवून दिलं, आणि ते त्यांनी कमावलेलं आहे. सातारा-सांगलीचा स्वयंपाक त्याचाच सख्खा भाऊ, फक्त त्याची पाटी कुणी रंगवली नाही. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही ‘कोल्हापुरी’ म्हणून जे खाल्लंत, त्यातल्या बऱ्याच रश्श्यांत कोरेगावच्या नाहीतर कराडच्या एखाद्या बाईनं करून दिलेली चटणी असणार, असं मला वाटतं. येत्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू चटणी करतील तेव्हा त्यांच्यासोबत लसूण सोलायला बसा. त्या एका दुपारी जे शिकाल ते वर्षभर रविवारी बाहेर जेवूनही हाती लागणार नाही.

आता शोधायचं कसं ते सांगतो. साताऱ्याचं ताट समजून घ्यायचं तर आधी पाऊस बघा. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. मधलं अंतर गाडीनं तीन तासांचंही नाही. पश्चिमेकडे जावळी, पाटण भागात भात, नाचणी, पावसाळ्यात रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे. मधल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ऊस, हळद, आलं, सोयाबीन, घेवडा. पूर्वेला खटाव-माणात बाजरी, शाळू, मटकी, हुलगे, आणि मेंढरं. शाळू म्हणजे तुमची रब्बी ज्वारी. दुकानदाराला ‘शाळू द्या’ म्हणालात की तो तुम्हाला इथलाच समजेल. सांगली जिल्ह्यातही हेच चित्र: शिराळ्याला मुसळधार पाऊस, आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळला आभाळाकडे डोळे. त्यामुळं ‘साताऱ्याची थाळी’ म्हणून एकच थाळी मांडणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. पश्चिमेकडच्या मेढ्याच्या माणसाचं आणि पूर्वेकडच्या म्हसवडच्या माणसाचं रोजचं जेवण सारखं कसं असेल?

म्हणून हॉटेलाआधी बाजार गाठा. तुम्ही जिथं राहता त्या भागाचा आठवडी बाजार कधी भरतो ते शेजाऱ्यांना विचारा आणि पिशवी घेऊन सकाळी लवकर जा. परड्यातली भाजी, दोन-चार पायल्या कडधान्य, गावठी अंडी घेऊन जमिनीवर बसलेल्या बायका बाजाराच्या कडेला असतात. त्यांच्याकडे आधी जा, गाळ्यांकडे नंतर. काय घेतलं यापेक्षा ‘हे कसं करता?’ असं विचारलं का, याला महत्त्व आहे. मी या भागात नवा होतो तेव्हा एका बाजारात हुलग्यांचा ढीग पाहून हा प्रश्न विचारला होता. त्या आजींनी मागं गिऱ्हाइकं थांबलेली असताना हुलग्याचं माडगं आणि शेंगोळी दोन्ही करायची रीत सांगितली, आणि वर ‘बाळंतिणीला देत्यात, तुला कशाला?’ असंही विचारलं. ती शेंगोळी मी आजही त्यांच्याच रितीनं करतो.

बाजारात एक गोष्ट मुद्दाम शोधा : वाघ्या घेवडा. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, वाघाच्या अंगावर असावेत तसे, म्हणून हे नाव. कोरेगाव तालुक्यातला हा घेवडा. खरिपात पेरतात, अडीच-एक महिन्यांत हाताशी येतो आणि दिवाळीच्या आगेमागे बाजारात दिसू लागतो. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तरेत राजमा म्हणून जो खातात त्याच जातीचं हे कडधान्य. पण दाणा लहान, साल पातळ, लवकर शिजणारा आणि चवीला किंचित गोडसर. गरम मसाल्याचा भडिमार त्याला सोसत नाही. रात्री भिजवा, सकाळी मऊ शिजवा, थोडे दाणे पळीनं ठेचा म्हणजे रस्सा आपोआप दाट होईल. तेलात लसूण, कांदा, एक चमचा चटणी, बेतानं शेंगदाण्याचं कूट, मीठ, कोथिंबीर. झालं. शाळूची भाकरी हवी, पोळी नको. राजम्याच्या एखाद्या डब्याला जगभर मागणी असते आणि या घेवड्याला साताऱ्याच्याच नव्या पिढीनं ओळखू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘सातारी जेवण’ म्हणून एकाच पदार्थाचं नाव घ्यायला लावलंत तर मी याचंच घेईन.

दुसरं नाव म्हाद्याचं. शेंगदाण्याचं जाडसर कूट, लसूण, चटणी घालून केलेलं हे पातळसर कालवण, भाजी नसेल त्या दिवशी घर तारून नेणारं. आणखी दोन शब्द कानावर ठेवा. ‘कालवण’ म्हणजे रस्सेदार भाजी किंवा आमटी. ‘कोरड्यास’ म्हणजे भाकरीबरोबर खायचं जे काही असेल ते. खानावळीत गेल्यावर मेनूकार्ड न मागता ‘आज कोरड्यास काय?’ असं विचारून बघा.

हॉटेलांची नावं मी मुद्दामच देत नाही. आचारी बदलला की चव बदलते आणि छापलेलं नाव मात्र तसंच राहतं. त्याऐवजी खूण सांगतो. एस. टी. स्टँडचे चालक-वाहक, मार्केट यार्डातले हमाल, कोर्टात तारखेला आलेली गावाकडची माणसं जिथं दुपारी जेवतात ती खानावळ शोधा. भाकरी तुमच्या समोर थापली जात असेल तर बसा. आधीच थापून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असेल तर पुढं चला. संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर जरूर जा, भेळ खा, गर्दी बघा. पण तिथं साताऱ्यापेक्षा सगळ्या शहरांत मिळतं तेच जास्त मिळेल.

पेढ्याबद्दल थोडं. साताऱ्याचा कंदी पेढा तपकिरी दिसतो तो रंगामुळं नव्हे, भाजण्यामुळं. म्हशीच्या दुधाचा खवा नेहमीपेक्षा जास्त वेळ परततात, त्यामुळं पाणी निघून जातं, दाणेदारपणा येतो, दुधातलीच साखर खरपूस होते आणि पेढा पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. इंग्रज साहेबानं ‘कँडी’ म्हटलं आणि त्याचं ‘कंदी’ झालं, अशी गोष्ट गावात ऐकायला मिळते. ती गोष्ट म्हणूनच ऐका. मोदी, लाटकर ही जुनी नावं तुम्हाला कुणीही सांगेल. माझा सल्ला इतकाच : खोकं भरून पाहुण्यांना न्यायच्या आधी त्या दिवशी केलेले पावशेर घ्या आणि फ्रीजमध्ये न ठेवता खा.

साताऱ्यात बाहेरून आलेल्या माणसाच्या जेवणाचा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होतेच. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यांतली, सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी या वसतिगृहाला भेट देऊन गेले. छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्याच वेळचं. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खातात हे या गावानं पाहिलं आहे. मला विचाराल तर साताऱ्याच्या खाण्याच्या इतिहासात पेढ्याच्या आधी ही पंगत मांडायला हवी. परक्या गावात एकटं जेवायची वेळ आली की मला तीच आठवते.

आता सांगली. बदलीची ऑर्डर यायची वाट बघू नका, एखाद्या शनिवारी जाऊन या. उंब्रज, कराड, पेठ नाका आणि तिथून इस्लामपूर, आष्टा असा रस्ता. कराडजवळ उसाचे फड दिसू लागतात. सध्या गुऱ्हाळं चालू असतील तर थांबून काकवी घ्या. ती भाकरीबरोबर खायची. कराड-इस्लामपूर पट्ट्यात ढाब्याढाब्यांवर ‘अख्खा मसूर’ लिहिलेलं दिसेल. हा काही आजीच्या चुलीवरचा पदार्थ नाही, हमरस्त्यानं त्याला मोठं केलं. अख्खे मसूर मऊ शिजवून कांदा-टोमॅटो आणि चटणीत घोळवलेले, सोबत तंदूरची मोठी रोटी आणि चिरलेला कांदा. कडधान्य साधं, चटणी इथलीच. परंपरा नाही म्हणून त्याला कमी लेखू नका. पन्नास-शंभर वर्षांनी लोक यालाच परंपरा म्हणतील.

सांगलीत पहिली खरेदी वांग्यांची करा. कृष्णाकाठची वांगी नावाजलेली आहेत ती नदीच्या गाळामुळं: काटेरी देठ, पातळ साल, बी कमी, आणि शिजताना लोण्यासारखी. शेंगदाण्याचं कूट, तीळ, चटणी भरून केलेल्या या वांग्यांसाठी पुण्या-मुंबईत गेलेली माणसं गावाकडून पिशव्या मागवतात. गरम मसाल्याची फोडणी देऊन त्यांची चव मारू नये, असं जुन्या बायका बजावतात.

दुसरी गोष्ट हळद. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तेव्हा हवेलाच हळदीचा वास असतो. राजापुरी हळद मागा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं खरं आश्चर्य कृष्णा आणि वारणेच्या संगमावर, हरिपूरला जमिनीखाली होतं. तिथं हळद साठवायची पेवं होती : तोंड अरुंद, पोट मोठं, माणूस आत उतरेल एवढी खोल. तिथल्या मातीच्या गुणामुळं हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि असंख्य पेवं हळदीसकट गेली. संगमेश्वराच्या देवळाकडे जाल तेव्हा गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला पेवांबद्दल विचारा. तो सांगत राहील.

भडंग तर तुम्हाला विचारायच्या आधीच कुणीतरी खिलवेल. त्याचे चुरमुरे भेळेच्या चुरमुऱ्यांहून जाड आणि फुगीर असतात. तेलात लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, मीठ आणि किंचित साखर. लसूण कुरकुरीत झाला नसेल तर तो भडंग फसला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गेलात तर तासगावकडे वळा. द्राक्षं जाळीच्या मांडवात थरावर थर पसरलेली दिसतील. पंधरा-एक दिवसांत त्यांचा बेदाणा होतो. सुमारे ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा. यालाही वाघ्या घेवड्याबरोबरच, २०१६ साली मानांकन मिळालं. आणि जाता जाता : अमरावतीत तुम्ही पुण्याची म्हणून ज्या चितळ्यांची बाकरवडी खाल्ली असेल, त्या घराचा दुधाचा धंदा १९३९ साली सुरू झाला तो सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत.

मिरजेच्या पुढं आणि जतच्या पूर्वेला भाषा बदलते तशी भाकरीही बदलते. कानडी मुलखाची पातळ, कडक भाकरी, जी महिनाभर टिकते. तिच्यावर शेंगांची चटणी आणि दही. भरलं वांगं तिथं एण्णेगाई या नावानं येतं. सणही दोन-दोन. तुमच्याकडे श्रावणात पोळा असतो. इथं बैलांचा सण बेंदूर, तो आषाढात, आणि सीमेवरच्या गावांत त्याच्याही आधी, ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर. दोन्ही वेळा पुरणपोळी आणि कटाची आमटी. पुढच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी घरी पुरण घालाल तेव्हा शेजारच्यांना वाढा. बेंदराला त्यांचं ताट तुमच्याकडे आलेलं असेलच.

शेवटी हंगामाचं. आता मार्गशीर्ष चालू आहे. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा याच महिन्यात भरते. पुढं पौष-माघात खटाव-माणच्या शिवारात हुरडा. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा : पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घरोघरी मटणाची पातेली. बँकेत येणारे खातेदार, शिपाई, शेजारी, कुणी ना कुणी तुम्हाला ‘यात्रेला यायचं बरं का’ असं म्हणेल. ते तोंडदेखलं नसतं. यात्रेला पाहुणा आला नाही तर इथल्या घराला चुटपुट लागते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, तुमच्यासाठी वेगळं आमटी-भात होईल आणि कुणी वाईट वाटून घेणार नाही. बोलावणं आलं तर टाळू नका. जा, पंगतीला बसा, आणि निघताना त्या घरची वाटीभर चटणी मागून आणा.